नॉर्मल, पण कुणाच्या मापाने?

लॅबमधून रिपोर्ट आला की घरात पहिला प्रश्न येतो, "सगळं नॉर्मल आहे ना?" बाळंतपणाची बातमी कळली की मुलगा की मुलगी याच्या पाठोपाठ विचारलं जातं, "नॉर्मल की सिझर?" नातू उशिरा बोलायला लागला की आजी सुनेला धीर देते, "होईल गं नॉर्मल." पूर ओसरल्यावर सांगलीहून फोन येतो, "आता इकडे सगळं नॉर्मल आहे." इंग्रजीतून आलेलं दुसरं कुठलं विशेषण मराठी घरांत इतकं खोल मुरलं असेल, असं मला वाटत नाही. चार वाक्यांत या शब्दाचे चार अर्थ आहेत. रिपोर्टच्या बाबतीत 'काळजीचं कारण नाही', बाळंतपणात 'शस्त्रक्रियेशिवाय', नातवाच्या बाबतीत 'चारचौघांसारखा' आणि पुरानंतर 'आधी होतं तसं'.

एका शब्दाला चार अर्थ असले तर बिघडत नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. हा शब्द एका दमात दोन विधानं करतो: 'बहुतेकांचं असं असतं' आणि 'असंच असायला हवं'. पहिलं विधान मोजून तपासता येतं. दुसरं तसं तपासता येत नाही, कारण तो चांगल्या-वाईटाचा निवाडा आहे, आणि निवाडा करणाऱ्याला त्याची कारणं द्यावी लागतात. 'नॉर्मल' म्हटलं की कारणं देण्याची गरजच संपते. बोलणारा पुरावा पहिल्या विधानाचा देतो आणि ऐकणाऱ्याच्या गळी उतरतं दुसरं. या अदलाबदलीने गेल्या दोनशे वर्षांत माणसांचं फार नुकसान केलं आहे. काही ठिकाणी जीव गेले आहेत. म्हणून हा शब्द वापरणाऱ्याला दर वेळी विचारलं पाहिजे: माप कुणाचं, आणि कशासाठी?

मूळ लॅटिन शब्द 'नॉर्मा', म्हणजे सुताराचा, गवंड्याचा गुण्या. सतराव्या शतकातल्या इंग्रजीत 'नॉर्मल' म्हणजे काटकोनात असलेलं, आणि भूमितीत लंबरेषेला आजही तेच नाव आहे. गुण्याला बहुमताशी देणंघेणं नसतं. गावातल्या सगळ्या भिंती कललेल्या असल्या तरी गुण्या काटकोनच दाखवणार. म्हणजे शब्द जन्माने 'असायला हवं' या बाजूचा. त्याच अर्थाने फ्रेंच राज्यक्रांतीनंतर, १७९४ साली, पॅरिसमध्ये 'एकोल नॉर्माल' स्थापन झालं: शिकवावं कसं याचा नमुना घालून देणारी, शिक्षक घडवणारी संस्था. तिथून 'नॉर्मल स्कूल' हे नाव जगभर गेलं. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात १८५७ साली असं एक नॉर्मल विद्यापीठ निघालं आणि त्याच्यावरून १८६५ मध्ये तिथल्या गावाचंच नाव 'नॉर्मल' पडलं, ते आजही आहे. पुण्यातल्या नॉर्मल स्कूलमध्ये सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचं शिक्षण घेतल्याची नोंद त्यांच्या चरित्रांमध्ये सापडते. चारचौघींसारखं वागायला ठाम नकार देणारी ही बाई नॉर्मल स्कूलमध्ये शिकली यात त्या काळी कुणालाही विसंगती वाटली नसती, कारण शाळेच्या नावातल्या या शब्दाचा सरासरीशी संबंधच नव्हता.

तो जुळला एकोणिसाव्या शतकात. फ्रेंच वैद्यकात ब्रुसे यांनी मत मांडलं की रोग म्हणजे शरीरातल्या नेहमीच्याच क्रियांचं कमी-जास्त होणं, त्यात वेगळं असं काही नसतं. ऑग्युस्त कोंत यांनी ही कल्पना उचलून समाजाला लावली. पण निर्णायक पाऊल टाकलं बेल्जियमच्या अडॉल्फ केतले यांनी. केतले मूळचे खगोलशास्त्रज्ञ. एकाच ताऱ्याचं स्थान अनेकांनी मोजलं की प्रत्येकाचा आकडा थोडा वेगळा येतो, आणि हे आकडे मधल्या किमतीभोवती घंटेच्या आकारात पसरतात, हे खगोलशास्त्रज्ञांना ठाऊक होतं. मधली किंमत ही ताऱ्याची खरी जागा, बाकीच्या चुका. केतल्यांनी हीच वक्ररेषा माणसांना लावली. स्कॉटिश रेजिमेंटमधल्या पाच हजारांहून अधिक सैनिकांच्या छातीची मापं त्यांनी मांडून दाखवली, आणि तोच घंटेचा आकार आला. त्याआधीच, १८३५ च्या ग्रंथात, त्यांनी 'सरासरी माणूस' उभा केला होता. निसर्गाला जो माणूस घडवायचा होता तो हा, आणि आपण सगळे थोडेथोडे चुकलेले, असा त्यांच्या मांडणीचा सूर होता.

इथे जे निसटलं ते नीट पाहायला हवं. ताऱ्याला एक खरी जागा असते. पाच हजार सैनिकांच्या छातीला एकच 'खरं' माप नसतं. तिथे चूक झालेलीच नाही, माणसं वेगवेगळी आहेत इतकंच. मोजमापातल्या चुकीचं गणित माणसांमधल्या वेगळेपणावर बसवलं गेलं आणि वेगळेपण आपोआप चुकीच्या खात्यात जमा झालं. पुढे कार्ल पिअर्सन यांच्यामुळे या वक्ररेषेला 'नॉर्मल कर्व्ह' हे नाव रूढ झालं. त्याचा पस्तावा त्यांनी स्वतःच १९२० मध्ये लिहून ठेवला आहे: या नावामुळे आकड्यांच्या बाकीच्या सगळ्या रचना अॅबनॉर्मल असल्याचा लोकांचा समज होतो. तोवर उशीर झाला होता. पिअर्सनचे गुरू फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८३ मध्येच 'युजेनिक्स' हा शब्द घडवला होता. माणसांना वक्ररेषेवर मांडायचं आणि डाव्या टोकाच्यांची पैदास थांबवायची, हा त्या विचाराचा व्यवहार. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्ये, 'मंदबुद्धी' ठरवलेल्यांची सक्तीची नसबंदी वैध ठरवली. विसाव्या शतकात त्या देशात साठ हजारांहून अधिक माणसांवर ती झाली.

हा इतिहास आपल्यापासून दूरचा वाटेल. पण तीच गफलत तापाच्या थर्मामीटरमध्येही आहे. शरीराचं 'नॉर्मल' तापमान ९८.६ फॅरनहाइट, हे आपण शाळेपासून घोकलेलं आहे. हा आकडा लाइपझिगच्या कार्ल वुंडरलिश या डॉक्टरांचा. सुमारे २५ हजार रुग्णांचं तापमान नोंदवून त्यांनी १८६८ मध्ये ग्रंथ लिहिला आणि त्यात सरासरी सांगितली ३७ अंश सेल्सिअस. तो गोळाबेरीज आकडा होता. फॅरनहाइटमध्ये नेल्यावर तो ९८.६ झाला आणि दशांश चिन्हामुळे त्याला एकदम काटेकोरपणाचं तेज चढलं. दिवसभरात तापमान खाली-वर होतं, बायका-पुरुषांत आणि वयानुसार फरक पडतो, हे खुद्द वुंडरलिशनी लिहिलं होतं. लोकांनी पट्टा विसरून आकडा लक्षात ठेवला. १९९२ मध्ये अमेरिकेत १४८ निरोगी तरुण माणसांची तापमानं पुन्हा मोजली गेली तेव्हा सरासरी निघाली ९८.२, आणि नेमका ९८.६ आकडा आला होता फक्त ८ टक्के नोंदींमध्ये.

आज गावोगावी 'फुल बॉडी चेकअप'ची पॅकेजं विकली जातात, त्यांच्या रिपोर्टचंही असंच आहे. आकड्यांच्या उजवीकडे एक स्तंभ असतो, त्याला आपण 'नॉर्मल रेंज' म्हणतो. बहुतेक चाचण्यांसाठी ही मर्यादा ठरवण्याची रीत साधी आहे: निरोगी माणसांचा एक गट घ्यायचा, त्यांचे आकडे क्रमाने लावायचे आणि मधले ९५ टक्के 'नॉर्मल' म्हणायचे. याचा सरळ अर्थ असा की निरोगी माणसांपैकी ५ टक्के व्याख्येनेच बाहेर पडतात. एकमेकींवर अवलंबून नसलेल्या वीस चाचण्या केल्या, तर धडधाकट माणसाचाही निदान एक आकडा मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के असते. पॅकेजमध्ये चाचण्या साठ-सत्तर असतात. ठळक अक्षरात छापलेला तो एक आकडा पाहून माणसाची झोप उडते, मग पुढच्या चाचण्या, पुढचे डॉक्टर. त्या आकड्याने सांगितलेलं असतं एवढंच की तुम्ही मधल्या पंच्याण्णवांत नाही. आजारी आहात की नाही, हे त्याने सांगितलेलंच नसतं.

आता बाळंतपण. या शब्दाने सर्वांत मोठी किंमत तिथे वसूल केली आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

ब्रिटनमध्ये सुईणींच्या रॉयल कॉलेजने २००५ साली 'नॉर्मल बर्थ'ची मोहीम सुरू केली. हेतू वाईट नव्हता. बाळंतपण हे आजारपण असल्यासारखं वागवलं जातं, गरज नसताना कळा वाढवण्याची औषधं दिली जातात, चिमटे लावले जातात, शस्त्रक्रिया होतात, बाईला विश्वासात घेतलं जात नाही, ही त्यांची तक्रार खरी होती आणि आहे. पण मोहिमेच्या नावात हे विशेषण आलं आणि त्याने आपलं जुनं काम केलं. 'बहुतेक बायका शस्त्रक्रियेविना बाळंत होऊ शकतात' हे निरीक्षण 'तसंच व्हायला हवं' या उद्दिष्टात बदललं, आणि काही रुग्णालयांत ते उद्दिष्ट समोरच्या बाईपेक्षा मोठं झालं. उत्तर इंग्लंडमधल्या बॅरो गावच्या फर्नेस जनरल हॉस्पिटलची चौकशी बिल कर्कप यांनी केली. २००४ ते २०१३ या काळात तिथे ११ बाळं आणि एक आई दगावली, आणि योग्य उपचार मिळते तर ते मृत्यू टळू शकले असते, असा निष्कर्ष त्यांच्या २०१५ च्या अहवालात आहे. काही सुईणी काहीही करून बाळंतपण 'नॉर्मल'च व्हावं यासाठी हटून बसत, डॉक्टरला उशिरा बोलावलं जाई, हे त्यात स्पष्ट नोंदवलं आहे. मोहीम बंद केल्याचं २०१७ मध्ये जाहीर झालं आणि कॉलेजने हा शब्द मागे घेतला.

तेवढ्याने संपलं नाही. श्रूजबरी आणि टेलफर्डच्या रुग्णालयांबद्दलचा डॉना ऑकंडन यांचा अंतिम अहवाल मार्च २०२२ मध्ये आला. अधिक चांगली शुश्रूषा मिळाली असती तर २०१ बाळं आणि नऊ माता वाचल्या असत्या किंवा वाचू शकल्या असत्या, असं त्यात म्हटलं आहे. त्या रुग्णालयांना आपल्या सिझेरियनच्या कमी प्रमाणाचा अभिमान होता. अहवाल येण्याच्या थोडंच आधी, त्याच वर्षी फेब्रुवारीत, ब्रिटनच्या आरोग्य सेवेने रुग्णालयांना कळवलं होतं की सिझेरियनच्या टक्केवारीवरून कामगिरी मोजणं थांबवा.

हे सगळं एका शब्दाने केलं असं मी म्हणत नाही. अपुरं मनुष्यबळ होतं, सुईणी आणि डॉक्टरांमध्ये बेबनाव होता, चुका झाकण्याची वृत्ती होती. पण वागणुकीला नैतिक बळ पुरवण्याचं काम शब्द करतात. 'मी तिला ऑपरेशनपासून वाचवते आहे' या भावनेने उशीर करणाऱ्या सुईणीला स्वतःच्या चुकीची शंका येणं अवघड होतं, कारण तिच्या बाजूला 'नॉर्मल' होतं.

आपल्याकडे चित्र उलटं आहे आणि म्हणून ते समजून घेणं जास्त जरुरीचं आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातली २१.५ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाली, सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के आणि खासगीत ४७.४ टक्के. महाराष्ट्राचा एकूण आकडा २५.४ टक्के. खासगी रुग्णालयात जवळजवळ निम्म्या बायका शस्त्रक्रियेने बाळंत होतात, म्हणजे नुसत्या मोजदादीने पाहिलं तर तिथे सिझेरियनही तितकंच 'नॉर्मल' ठरायला हवं. तरी शब्द जागचा हललेला नाही. यावरून दिसतं की आपण तो मोजदादीसाठी वापरतच नव्हतो. तो बाईला दिलेला शेरा आहे. 'नॉर्मल झाली' म्हणताना सासूच्या आवाजात कौतुक असतं, 'सिझर करावं लागलं' म्हणताना कमीपणा. टाके पडलेली, तापाने फणफणलेली बाई पाचव्या दिवशी भेटायला आलेल्यांना सांगत बसते की मी खूप प्रयत्न केला, पण पाण्याची पातळीच कमी झाली होती. तिने कुणालाच खुलासा द्यायला नको. विचारायचं असेल तर ते रुग्णालयाला विचारावं: ही शस्त्रक्रिया कोणत्या कारणासाठी झाली? शेजारच्या सरकारी दवाखान्यापेक्षा तुमचं प्रमाण तिप्पट का? 'नॉर्मल की सिझर' हा प्रश्न बाईला विचारला जातो आणि म्हणूनच रुग्णालय सुटतं.

आतापर्यंतच्या उदाहरणांत शब्दाने वेगळं ते चूक ठरवलं. त्याची दुसरी बाजू तितकीच घातक आहे, आणि तिच्याकडे लक्ष कमी जातं: जे सर्रास आहे ते ठीकच आहे, असं हा शब्द पटवून देतो. त्याच पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के आणि महाराष्ट्रातल्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. बहुसंख्य म्हणजे नॉर्मल असेल, तर आपल्या राज्यात रक्त कमी असणं हेच नॉर्मल आहे. आणि घरोघरी ते तसंच मानलं जातं. जिना चढताना धाप लागते, दुपारी डोळ्यांपुढे अंधारी येते, केस गळतात. "बायकांना एवढं असतंच." स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या वर असावं हे माप जर इथल्या बायकांची सरासरी काढून ठरवलं असतं, तर यातल्या लाखो जणी एका फटक्यात 'नॉर्मल' झाल्या असत्या आणि लोहाच्या गोळ्यांना मुकल्या असत्या.

पाळीच्या वेदनांचंही हेच. मुलगी दर महिन्याला दोन दिवस अंथरुणाला खिळते, शाळा बुडते, ओकाऱ्या होतात. आई सांगते नॉर्मल आहे, काकू सांगते लग्नानंतर थांबेल, आणि पुष्कळदा डॉक्टरही तेच सांगतात. एंडोमेट्रिऑसिस या आजाराचं निदान व्हायला जगभर सरासरी अनेक वर्षं लागतात, आणि हे 'नॉर्मल' हा त्या विलंबाचा मोठा भाग आहे. पाळीत थोडं दुखणं सर्रास आहे, हे खरं. पण जी वेदना मुलीला उभं राहू देत नाही तिच्याबद्दल 'किती जणींना होते' हा प्रश्नच गैरलागू आहे. तिथे प्रश्न असा हवा की हिला काय होतं आहे आणि त्यावर काय करता येईल.

विरळ असण्याला रोग म्हणण्याचं सर्वांत मोठं उदाहरण समलैंगिकतेचं. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ एव्हलिन हूकर यांनी तीस समलैंगिक आणि तीस भिन्नलैंगिक पुरुषांच्या मानसिक चाचण्यांची उत्तरं नावं झाकून तज्ज्ञांपुढे ठेवली. कोण कुठला हे तज्ज्ञांना ओळखता आलं नाही. हे संशोधन १९५७ चं. अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली डिसेंबर १९७३ मध्ये, आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले ६ सप्टेंबर २०१८ रोजी. साठ वर्षांच्या या काळात विजेचे झटके, जबरदस्तीची लग्नं, आत्महत्या या सगळ्यांना आधार होता तो एवढाच की यांची संख्या कमी आहे.

विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलच्या बाबतीत हा शब्द रोज लोकांच्या आयुष्यात लुडबुडतो. आई-वडील दोघांकडून सिकलसेलचं जनुक आलं तर आजार होतो, तो कष्टदायक असतो, त्याला उपचार लागतात. एकाच पालकाकडून आलं तर माणूस फक्त वाहक असतो. वाहक सहसा निरोगी आयुष्य जगतो, आणि जीवघेण्या मलेरियापासून त्याला काही प्रमाणात संरक्षणही मिळतं. मलेरियाग्रस्त जंगलपट्ट्यांत हे जनुक टिकलं ते त्याचमुळे. म्हणजे ज्या भूमीत डास होते त्या भूमीत हे रक्त उपयोगाचं होतं. तरी गावातल्या बोलण्यात रक्ताचे दोनच प्रकार उरतात, नॉर्मल आणि सिकल. वाहक मुलीचं लग्न मोडतं. लग्न ठरवताना दोघेही वाहक नाहीत ना एवढंच पाहायचं असतं, कारण दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. दोन रक्तांचा मेळ पाहण्याची ही गोष्ट त्या शब्दाने एका माणसावरचा डाग करून टाकली.

मग हा शब्द टाकूनच द्यावा का? एका बहुराष्ट्रीय कंपनीने तेच केलं. युनिलिव्हरने मार्च २०२१ मध्ये जाहीर केलं की आपल्या सौंदर्यप्रसाधनांच्या वेष्टनांवरून आणि जाहिरातींतून 'नॉर्मल' हा शब्द काढून टाकणार. शाम्पूच्या बाटलीवरून 'नॉर्मल केसांसाठी' गेलं, हे चांगलं झालं. पण केस कसे असावेत हे जाहिरातीतली मॉडेल शब्दाविनाही सांगतच असते. शब्द हटवून माप हटत नाही, ते फक्त दिसेनासं होतं, आणि न दिसणाऱ्या मापाशी भांडणं जास्त अवघड असतं.

शिवाय हा शब्द प्रामाणिकपणे वापरणारेही आहेत. हवामान खातं पावसाला 'नॉर्मल' म्हणतं तेव्हा त्याची व्याख्या उघड असते: दीर्घकालीन सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के. सरासरी कुठल्या वर्षांची, तर १९७१ ते २०२० ची, देशासाठी जून ते सप्टेंबरात ८७ सेंटिमीटर. पट्टा, काळ आणि प्रदेश तिन्ही सांगितलेले आहेत, त्यामुळे वाद घालता येतो. देशाचा पाऊस नॉर्मल असताना मराठवाडा कोरडा राहू शकतो, आणि महिन्याचा पाऊस चार दिवसांत कोसळला तरी बेरीज नॉर्मलच येते, हे शेतकरी दाखवून देऊ शकतो, कारण हिशेब त्याच्यासमोर मांडलेला आहे. जागतिक हवामान संघटना तीस वर्षांच्या सरासरीला 'क्लायमेट नॉर्मल' म्हणते आणि दर दहा वर्षांनी ती नवी करते. पृथ्वी तापत असताना नव्या नॉर्मलमध्ये तापलेली वर्षंच जास्त येतात आणि पूर्वी ज्याला विक्रमी उन्हाळा म्हटलं असतं तो जेमतेम सरासरीपेक्षा वर दिसू लागतो. म्हणून बदलाची दीर्घ पल्ल्याची तुलना करण्यासाठी १९६१ ते १९९० हा जुना काळ त्यांनी मुद्दाम राखून ठेवला आहे. रोजच्या व्यवहाराला एक माप आणि धोका ओळखायला दुसरं, असा विचार त्यामागे आहे.

रक्तदाबाचं उदाहरण याच जातीचं. अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनांनी २०१७ मध्ये उच्च रक्तदाबाची रेषा १४०/९० वरून १३०/८० वर आणली आणि तिथल्या प्रौढांमधलं रुग्णांचं प्रमाण ३२ टक्क्यांवरून ४६ टक्क्यांवर गेलं. रात्रीत कुणाचंही शरीर बदललं नव्हतं. औषध कंपन्यांचं कारस्थान म्हणून हे झटकून टाकणारे भेटतात, मला ते पटत नाही. कोणत्या आकड्यापासून पक्षाघात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो हे पाहून रेषा ओढली गेली. ती चुकीची ओढली असं युरोपातल्या तज्ज्ञांचं मत असल्याने त्यांनी जुनीच रेषा ठेवली. दोघांनीही कारणं दिली. निवाडा असा उघड्यावर झाला पाहिजे.

मला सर्वांत भावतं ते लहान मुलांच्या वाढीचं माप. जागतिक आरोग्य संघटनेच्या हाती आधी जे तक्ते होते ते बरेचसे अमेरिकेतल्या वरच्या दुधावर वाढलेल्या मुलांचे. त्यांच्याशी तुलना केली की अंगावर पिणारी सुदृढ मुलंही काही महिन्यांनी मागे पडलेली दिसत आणि आया घाबरून डबा आणत. मग संघटनेने १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांत सुमारे साडेआठ हजार मुलं मोजली. ती सरसकट घेतली नाहीत. आईचं दूध मिळालेली, धूम्रपान न करणाऱ्या आईची, हलाखीमुळे वाढ न खुंटलेली मुलं निवडली. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीतली होती. मुलं वाढतात कशी यापेक्षा, त्यांना वाढू दिलं तर ती कशी वाढतात, हा प्रश्न त्यांनी विचारला. सहाही देशांतली मुलं जवळपास सारखीच वाढली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेले ते मापदंड आज आपल्या अंगणवाड्यांमधल्या तक्त्यांमागे आहेत. धारणीतलं मूल त्या रेषेच्या खाली असेल तर 'आमच्याकडची मुलं बारीकच' असं म्हणायची सोय त्या तक्त्याने ठेवलेली नाही. इथे गुण्या पुन्हा गुण्यासारखा वापरला गेला: भिंत कललेली आहे आणि ती सरळ करायची जबाबदारी मोठ्यांची आहे, हे सांगायला.

फ्रान्समधले जॉर्ज कांगिलेम हे तत्त्वज्ञ आणि डॉक्टरही. फ्रान्स जर्मनीच्या ताब्यात असताना, प्रतिकार चळवळीत काम करता करता, १९४३ मध्ये त्यांनी नॉर्मल आणि विकृत यांवरचा आपला वैद्यकीय प्रबंध पूर्ण केला. त्यातला विचार मला आजही सर्वांत पक्का वाटतो. सरासरीला चिकटून असणं म्हणजे आरोग्य नाही, असं ते म्हणतात. परिस्थिती बदलली की तिच्याशी जुळतील असे नवे नियम स्वतःसाठी घालून घेता येणं, हे आरोग्य. लेहला राहणाऱ्या माणसाचं हिमोग्लोबिन मुंबईकरापेक्षा जास्त असतं आणि त्या विरळ हवेत तेच त्याला हवं असतं. एका पायाने चालायला शिकलेली, आपलं दुकान चालवणारी बाई या अर्थाने निरोगी असते, आणि सगळे रिपोर्ट ठीक असूनही जराशा धक्क्याने कोसळणारा माणूस नसतो. हे मान्य केलं की 'नॉर्मल आहे का?' हा प्रश्न एकट्या माणसाबद्दल विचारताच येत नाही. माणूस आणि त्याची जागा, दोन्ही एकत्र पाहावी लागतात.

अमेरिकी हवाई दलाला हे १९५० मध्ये कळलं. त्यांच्या विमानांचे कॉकपिट १९२६ साली घेतलेल्या मापांच्या सरासरीवर बेतलेले होते आणि अपघात फार होत होते. वैमानिक अंगाने वाढले असतील म्हणून ४,०६३ जणांची नव्याने मापं घेतली गेली. गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण संशोधकाने उंची, छाती, हाताची लांबी अशी दहा मापं निवडली आणि या दहांतही मधल्या तीस टक्क्यांत बसणारे किती, हे मोजलं. एकही निघाला नाही. दहाऐवजी तीनच मापं घेतली तरी साडेतीन टक्क्यांहून कमी. ज्याच्यासाठी आसन बनवलं होतं तो वैमानिक अस्तित्वातच नव्हता. त्याच्या पाच वर्षं आधी, १९४५ मध्ये, क्लीव्हलंडच्या एका वर्तमानपत्राने 'नॉर्मा' नावाच्या पुतळ्याशी मापं जुळणाऱ्या स्त्रीचा शोध घेतला होता. हजारो तरुण अमेरिकी स्त्रियांच्या सरासरीवरून तो पुतळा घडवला होता. ३,८६४ जणींनी आपली मापं पाठवली, आणि सगळ्या मापांत बसणारी एकही सापडली नाही. तिथल्या तज्ज्ञांनी त्यावरून बायकांच्या प्रकृतीलाच दोष दिला. हवाई दलाने दोष आसनाला दिला. उत्पादकांना सांगितलं गेलं की सीट मागे-पुढे सरकली पाहिजे, पेडल आणि हेल्मेटचे पट्टे कमी-जास्त झाले पाहिजेत. उत्पादक आधी कुरकुरले, मग त्यांनी करून दाखवलं, आणि ते काही फार महागही पडलं नाही.

आपल्या शाळांमध्ये अजून क्लीव्हलंडचाच न्याय चालतो. उजवीकडे लिहायची फळी असलेल्या खुर्च्या, एकाच उंचीचे बाक, सगळ्यांना एकच वेग, आणि ज्याला ते जमत नाही त्याच्या पालकांना बोलावून विचारलं जातं की घरी सगळं नॉर्मल आहे ना. दिव्यांग हक्क कायद्यात २०१६ पासून २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांची नोंद आहे. त्यात अध्ययन-अक्षमता आहे, स्वमग्नता आहे, आणि शाळेने वाजवी सोयी पुरवाव्यात असं कायदा स्पष्ट सांगतो. जादा वेळ, लेखनिक, मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिका मागायला गेलेल्या आईला मुख्याध्यापकांनी "मग नॉर्मल मुलांवर अन्याय होईल" असं उत्तर दिलं, तर तिने तिथेच, सगळ्यांसमोर विचारावं: ही नॉर्मल मुलं तुम्ही कोणत्या मापाने ठरवलीत? ते माप कुणी, कधी आणि कशासाठी काढलं? ते न सांगता माझ्या मुलाला जादा अर्धा तास नाकारायचा अधिकार तुम्हाला कायद्याने दिलेला नाही.